खातेदाराला फोन नकोत

एका सहीत वर्षाचे तीनशे चौऱ्याऐंशी डॉलर वाचवणारी बाई पाहिलीय का तुम्ही? नसेल पाहिली तर नीट बघून घ्या. ती मीच! रोंडा लिंड, वय चोपन्न, दवाखान्यातल्या बिलांच्या खिडकीत तेवीस वर्षं. कागद माझ्या पुढ्यात आला की कागदालाच घाम फुटतो.

तर फेब्रुवारीत मी बाबांचा इन्कम टॅक्स भरायला बसले. माझे बाबा, व्हर्लिन स्कॉग, शहात्तर वर्षांचे. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर काढली. चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून तळ्याकाठच्या घरात ते, एक भिंतीवरचा फोन आणि मासे पकडायचं सामान, एवढेच राहतात. बँकेचे कागद त्यांनी बुटांच्या खोक्यात ठेवले होते. उघडून बघते तर दर महिन्याला एक ओळ, न चुकता:

शिलकीपेक्षा जास्त खर्च. शुल्क ३२.००

बारा महिन्यांत बारा वेळा! खर्च तरी कसला? कॉफी आणि डोनट. एकदा नुसताच डोनट.

“बाबा, हा डोनट तुम्हाला छत्तीस डॉलरला पडला!”

“चांगला होता,” बाबा म्हणाले.

“तुमच्या बचत खात्यात एकेचाळीस हजार पडलेत आणि कार्डाच्या खात्यात अकरा! नुसते अकरा! तिकडचे थोडे इकडे टाकले असते तर?”

“हं.”

‘हं’ म्हणजे आमच्या मिनेसोटात पूर्ण परिच्छेद समजतात. आणखी बोलायचं राहिलं तर माणूस हवेवर बोलतो.

आता माझ्यासारख्या बाईला नियम माहीत नसणार तर कुणाला? कार्डावर हे असलं शुल्क लावायचं तर बँकेला गिऱ्हाइकाची परवानगी लागते, आणि दिलेली परवानगी कधीही मागे घेता येते. मग खात्यात पैसे नसले की दुकानातलं यंत्र कार्ड सरळ नाकारतं. उधारी नाही, शुल्क नाही, कटकट नाही. फॉर्म मी दुसऱ्याच दिवशी घेऊन आले.

☐ होय. खात्यात पैसे नसले तरी बँकेने माझ्या कार्डावरचा खर्च चालवून घ्यावा. दर वेळचं शुल्क मला मान्य आहे.

☐ नाही. चालवून घेऊ नये.

शेरा (असल्यास): ____________

“नको, असू दे,” बाबा म्हणाले. एक.

“कशाला उगाच,” बाबा म्हणाले. दोन.

“राहू दे गं, रोंडा.” तीन.

मोजण्याचं कारण सांगते. आमच्याकडे पहिला नकार म्हणजे नमस्कार. दुसरा म्हणजे खुर्ची ओढून घेणं. तिसऱ्या नकारानंतर माणूस कॉफी घेतो. पहिल्याच विचारण्याला ‘हो’ म्हणणारा एक जण आमच्या गावात होता. तो आयोवातून आला होता आणि लवकरच परत गेला. तेव्हा तीन झाल्यावर मी बाबांच्या हातात पेन दिलं. त्यांनी फॉर्मकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं, आणि सही केली.

‘नाही’च्या चौकटीत बरोबरची खूण मीच केली. राहिली शेऱ्याची ओळ. ती रिकामी सोडली तरी चालत होतं. पण रिकामी ओळ माझ्याने बघवत नाही! मागे एकदा मी बाबांकडे असताना बँकेचा फोन आला होता. बाबा भिंतीकडे तोंड करून किती तरी वेळ उभे, आवाज एकदम खालचा. म्हाताऱ्या माणसाला पैशांसाठी छळतात, दुसरं काय! मी ठसठशीत अक्षरात लिहिलं:

शेरा (असल्यास): *खातेदाराला बँकेचे त्रासदायक फोन नकोत.*

फॉर्म बँकेच्या पेटीत टाकला, घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, “ड्वेन, वर्षाला तीनशे चौऱ्याऐंशी!”

ड्वेन म्हणाला, “हं.”

*

मार्च, पहिला आठवडा.

“रोंडा, जरा मला फोन कर.”

“बाबा, तुम्हीच मला फोन केलाय. बोलतोय ना आपण!”

“जाणारा चालतोय. येणारा चालतो का बघायचंय.”

मी ठेवला, केला.

“चालतोय,” बाबा म्हणाले. आवाज असा, की कुणी मेल्याची बातमी पक्की झाली.

मार्च, दुसरा आठवडा.

“रोंडा, जरा मला फोन कर.”

“परत?”

“नऊ वाजून दहा मिनिटांनी कर. त्या वेळेला बिघडत असेल.”

मी बिलांच्या खिडकीतून, रांगेत पाच रुग्ण उभे असताना, नऊ-दहाला फोन केला. पहिली घंटा पुरती वाजलीही नाही तोच त्यांनी उचलला.

“हॅलो?” काय ते ‘हॅलो’! उभ्या आयुष्यात बाबांनी मला असं ‘हॅलो’ म्हटलेलं नाही.

“बाबा, मी रोंडा.”

“हो. बरं. चालतोय मग.”

मी ड्वेनला म्हटलं, बाबांचे कान गेले. कानाच्या डॉक्टरची वेळ घेते.

*

मग आला शुक्रवार. ईस्टरच्या आधीचे सगळे शुक्रवार आमच्या गावात माजी सैनिकांच्या हॉलमध्ये तळलेला मासा असतो. मासा, बटाटा, कोबी, पावाचा तुकडा, चौदा डॉलर. गल्ल्यावर कोरीन. कोरीन माझी शाळेपासूनची मैत्रीण आहे, आणि तिच्या आवाजाला माइक लागत नाही. माइकलाच तिचा आवाज लागतो. त्या रात्री तिचा मला फोन.

“रोंडा, बसली आहेस का?”

“का गं?”

“व्हर्लिनचं कार्ड यंत्राने नाकारलं.”

अकरा डॉलर! खात्यात अकरा, ताट चौदाचं!

“मी हळूच म्हटलं हो,” कोरीन म्हणाली. “मी म्हटलं, ‘व्हर्लिन, यंत्र नको म्हणतंय.’ एवढंच.”

“हळूच म्हणजे किती हळू?”

“पार्किंगमधली माणसं आत आली.”

“मग?”

“मग काय! अर्धी माणसं छताकडे बघायला लागली, अर्धी बुटांकडे. मागून कुणीतरी वीस डॉलर पुढे सरकवले, कुणी ते मी सांगणार नाही, पास्टरबाईंनी. पण व्हर्लिन ताट तसंच ठेवून गेला गं. गरम मासा, रोंडा! कुरकुरीत!”

गरम मासा सोडून माणूस गेला म्हणजे गावाने काय समजायचं? गावाने ते समजलं. रातोरात समजलं. आणि आमच्या गावाला दुसऱ्याचं दुःख कळलं की ते एक शब्द बोलत नाही. ओव्हन लावतं.

*

बाबांच्या पायरीवर सापडलेला माल, शनिवार, सकाळी सहा ते नऊ:

हॉटडिश, म्हणजे सगळं एकाच भांड्यात घालून ओव्हनमध्ये भाजायचं: खिमा आणि मशरूम सूप, वर बटाट्याच्या गोळ्या.

हॉटडिश, तीच.

हॉटडिश, तीच, पण गोळ्या रांगेत लावलेल्या (ही पास्टरबाईंची).

हॉटडिश, टूना मासा. ही नक्की रागावून केलेली होती.

हॉटडिश, जंगली तांदूळ.

हॉटडिश. कसली ते ड्वेनलाही खाऊन कळलं नाही.

हिरवी जेली, आत किसलेलं गाजर. दोन भांडी.

नववं भांडं गोठून पायरीलाच चिकटलेलं, ते एप्रिलमध्ये निघेल.

दार कुणीही वाजवलं नाही. भांडं ठेवायचं आणि गाडीचे दिवे न लावता पळायचं, अशी पद्धत. मी पोहोचले तेव्हा बाबा स्वयंपाकघरात उभे राहून एकेक भांडं डोक्यावर धरून त्याचा तळ बघत होते. भांडं परत कुणाला द्यायचं ते कळावं म्हणून तळाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं.

“काय शोधताय?”

“काही नाही.” त्यांनी आठवं भांडं खाली ठेवलं. “क्वामे नाही यात कुणी.”

“कोण क्वामे?”

“आर्लिस. बँकेतली.”

“बँकेतली कशाला हॉटडिश पाठवेल?”

“हं,” बाबा म्हणाले. आणि मग, देवाशपथ, ते बोलायला लागले! आईच्या अंत्यविधीतसुद्धा बाबा इतकं सलग बोलले नव्हते.

“सकाळी नऊला बँकेत यादी निघते. कुणाकुणाचं खातं शून्याखाली गेलं, त्यांची. आर्लिस त्या सगळ्यांना फोन करते. स्कॉगचा स यादीत आधी येत नाही, पण ती मला पहिला करते. नऊ-दहाला. म्हणते, व्हर्लिन, तुम्ही परत खड्ड्यात. दोनच्या आत येऊन भरा, म्हणजे शुल्क पडणार नाही.”

“मग तुम्ही भरत का नव्हता?”

“भरायचो की.”

“कधी?”

“दोन-पाचला.”

“पाच मिनिटांसाठी बत्तीस डॉलर!”

बाबांनी तळ्याकडे बघितलं. बर्फावर कुणाची तरी मासेमारीची टपरी अजून उभी होती.

“दोनच्या आत भरले तर एकच फोन येतो, रोंडा. नाही भरले तर शुल्क पडलं हे सांगायला ती दुसऱ्या दिवशी परत करते.”

मी खुर्चीवर बसले. खुर्चीवर जेली होती. तशीच बसून राहिले.

“काय बोलता तुम्ही दोघं?”

“बर्फ किती इंच आहे. तिच्या मांजराची किडनी. एकदा तिने मला गाजराच्या केकची कृती सांगितली, मी लिहून घेतली.”

“तुम्ही केलात?”

“नाही गं. लिहायला वेळ लागतो ना, म्हणून लिहून घेतली.” त्यांनी एका भांड्याचं झाकण सरळ केलं. “आता करत नाही फोन. महिना झाला. काहीतरी चुकलं असेल माझं.”

‘नको, असू दे.’ ‘कशाला उगाच.’ ‘राहू दे गं, रोंडा.’ शहात्तर वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने खरंखुरं ‘नको’ म्हटलं होतं, आणि मी बोटं मोजत बसले होते!

आणि खातं शून्याखाली जाणं बंद, म्हणजे यादी बंद, म्हणजे फोन बंद, एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी. पण तो शेरा? ‘त्रासदायक फोन नकोत’? पेटीतले फॉर्म उघडून वाचायचं काम गावातल्या त्या टीचभर बँकेत कोण करत असेल?

मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

*

चर्चचं साप्ताहिक पत्रक, पान दोन:

*आपले बंधू व्हर्लिन स्कॉग यांच्या अडचणीच्या काळात मदत म्हणून शनिवारी संध्याकाळी सहा वाजता तळघरात पॅनकेकचं जेवण. मनाला येईल ते पेटीत टाकावं. सोडतीची बक्षिसं: अर्धं डुक्कर, कापून-बांधून, बर्फाला भोक पाडायचं यंत्र (एकदाच वापरलेलं), एक हॉटडिश. अडचण कसली ते कृपया व्हर्लिनला विचारू नये.*

मी तडक कोरीनच्या घरी.

“कोरीन, बाबांना पैशांची गरज नाही.”

“हो ना,” कोरीन मायेने म्हणाली. माझ्या लक्षात आलं. एक.

“अगं, खरंच! त्यांच्याकडे पुरेसे आहेत!”

“असणारच गं. स्कॉग मंडळी पहिल्यापासून मानी.” दोन.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. नियम मला तोंडपाठ होता! किंवा सरळ सांगायचं होतं की एकेचाळीस हजार आहेत. पण बँकेतली रक्कम आणि वजन, हे दोन आकडे आम्ही डॉक्टरलाही अंदाजेच सांगतो. घाबरून मी ओरडले, “कोरीन, कार्यक्रम रद्द कर! आम्हाला नकोय!”

तीन. कोरीनने माझा हात हातात घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“बरं. मग शनिवारी सहाला. मेपल सिरप तू आण.”

*

बँक. सोमवार. काउंटरच्या मागे आर्लिस क्वामे.

आता त्या बाईंना मी तीस वर्षं बघत आलेय, पण बघितलं त्या दिवशीच. सत्तरीच्या. पांढरे केस आखूड कापलेले, चष्म्याला साखळी, स्वेटरवर एक पिन: चांदीचा छोटासा मासा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली.

“हवा बरी आहे आज,” आर्लिस म्हणाल्या. बाहेर उणे अकरा होतं.

“आर्लिस, तो शेरा मी लिहिला होता.”

“कुठला शेरा?” त्या नाणी रचत राहिल्या.

“बाबांच्या फॉर्मवरचा. फोन नकोत तो. बाबांनी वाचलासुद्धा नाही.”

“लोक लिहितात. जागा दिलेली असते, लिहितात.” नाण्यांची चळत वाकडी झाली. त्यांनी ती परत रचली. “माझं कामच ते आहे, यादीतल्यांना फोन करायचं. बाकीच्यांना दीड मिनिट पुरतं. त्यांच्याशी जरा जास्त बोलले असेन. मांजराचं वगैरे. माणसाला त्रास होत असेल हे लक्षात यायला हवं होतं मला.”

“त्रास नव्हता हो! ते फोनशेजारी खुर्ची टाकून बसतात!”

“तुम्ही चांगली मुलगी आहात,” आर्लिस म्हणाल्या, म्हणजे विश्वास बसला नव्हता. मग एकदम मान वर करून, “मी त्यांना शंभरदा सांगितलं, दोनच्या आत या. एकदा तर पावणेदोनला परत फोन केला, तुमचे पैसे वाचतील म्हणून. म्हणाले, मासे गळाला लागतायत, निघता येत नाही. व्हर्लिन, म्हटलं, तुम्ही घरच्या फोनवर आहात!”

आणि हसल्या. अगदी थोडंसं, आणि लगेच आवरलं.

मी घाव घातला. “शनिवारी चर्चमध्ये पॅनकेक आहेत. याल?”

“नाही, मला नाही जमायचं.” एक.

“बाबांना फार बरं वाटेल.”

“नको. त्यांना उगाच अवघडल्यासारखं.” दोन.

“आर्लिस, प्लीज या.”

“नाही, रोंडा.” तीन.

महिन्यापूर्वी मी टाळी वाजवून घरी गेले असते. तीन झाले, येणार! पण आता काय कळणार? हा तिसरा नकार कॉफी घेणाऱ्या माणसाचा, की बाबांसारखा खराखुरा? मी त्या चांदीच्या माशाकडे बघत उभी राहिले. शेवटी परत नवा फॉर्म तरी घ्यावा म्हणून म्हटलं, “परवानगीचा फॉर्म द्या. ‘होय’वाला.”

“तो खातेदाराला स्वतः मागावा लागतो,” आर्लिस म्हणाल्या. “नियम आहे.”

नियम! माझ्याच तोंडावर!

फॉर्मचं मी बाबांना सांगितलं. शेऱ्याचंही सांगितलं, सांगताना टेबलावरच्या मिठाच्या बाटलीकडे बघत होते. बाबांनी ती बाटली उचलून आपल्या बाजूला ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

“तिने वाचलं असेल ते,” बाबा म्हणाले.

“हो.”

“मग आता जाऊन फोन करा म्हणून कसं सांगायचं? तिला वाटेल दयेखातर आलो.” आणि जुन्या फॉर्मची स्वतःकडची प्रत घेऊन चष्मा लावून वाचत बसले. पुढून वाचली. उलटली. मागून वाचली. बारीक अक्षरातलंही.

*

शनिवारी तळघरात दोनशे दहा माणसं. आमचं गाव तीनशे चाळीसचं. जे आले नव्हते ते तान्हे होते किंवा कॅथलिक, आणि सात वाजेपर्यंत कॅथलिकही आले.

बाबांना मधल्या टेबलावर बसवलं होतं, पुढ्यात पॅनकेकचा ढीग, गळ्यात टाय. टाय! लोक येऊन त्यांच्या खांद्यावर थाप मारत आणि “हवा सुधारतेय” म्हणून निघून जात. बाबांची नजर जिन्याकडे. पावलं वाजली की मान वर, आणि परत खाली. मी सिरप वाढत होते आणि तोही जिना बघत होते. एका माणसाच्या बाहीवर मी पाव बाटली सिरप ओतलं. तो म्हणाला, “असू दे, चांगलं आहे.”

सव्वासात. साडेसात. आर्लिस आल्या नाहीत.

कोरीनने पेटी उघडून मोजलं आणि विनामाइक जाहीर केलं, “अकराशे बासष्ट डॉलर!” टाळ्या. “व्हर्लिन, दोन शब्द!”

बाबा उठले. टाय सिरपमध्ये बुडालेला. दोनशे दहा माणसं, काट्याचा आवाज नाही.

“आभार,” बाबा म्हणाले. “हे पैसे अग्निशमन दलाला द्या. होज पाइप गळतोय त्यांचा.” सगळ्यांना वाटलं संपलं. आमच्याकडे हे भाषण लांबच म्हणायचं. पण बाबांनी कोटाच्या आतल्या खिशातून चेकबुक काढलं. “आणि हे माझ्याकडून.”

लिहायला लागले. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. पाचशे डॉलर! आणि चेक कुठल्या खात्याचा? त्याच! अकरा डॉलरवाल्या!

“बाबा!” मी कुजबुजले. “त्यात अकरा आहेत!”

“माहितेय.”

“चेक परत येईल! आख्ख्या गावासमोर!”

“येत नाही,” बाबा शांतपणे सही करत म्हणाले. “मी मागची बाजू वाचली. तू ‘नाही’ म्हटलंस ते फक्त कार्डाला. चेकला ते लागू नाही. चेक बँक चालवून घेते, आणि खातं खाली जातं.” त्यांनी चेक फाडला, नीट, रेघेवरून. “अग्निशमनवाले चेक सोमवारी भरतील. यादी मंगळवारी.”

तेवीस वर्षं बिलांच्या खिडकीत! आणि फॉर्मची मागची बाजू मी वाचली नव्हती!

इकडे तळघरात बायका रडत होत्या. स्वतःला अडचण असून दिले, असं म्हणत कोरीनने दुसरी पेटी फिरवायला घेतली. तिला मी कसं थांबवलं ते सांगत नाही. पॅनकेकचं पीठ लागलं तेवढ्याला.

*

मंगळवार. भांडी परत द्यायला न्यायची आहेत, या सबबीखाली मी पावणेनऊलाच बाबांकडे. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, भिंतीवरच्या फोनशेजारी खुर्चीवर. मी भांडी मोजायचं नाटक करत होते. आठ भांडी मी अकरा वेळा मोजली.

नऊ.

नऊ-पाच. बाबांनी कॉलर नीट केली.

नऊ-दहा. काही नाही.

नऊ-अकरा. “यादी मोठी असेल आज,” बाबा म्हणाले.

नऊ-चौदा. मी म्हटलं, “बाबा, बँकेने माणूस बदलला असेल कदाचित. किंवा आर्लिस रजेवर…”

“असेल.” त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, उठायला ठेवतात तसे. उठले मात्र नाहीत. त्या हातांकडे बघून मला वाटलं, हे तीनशे चौऱ्याऐंशी डॉलर मी तळ्यात नेऊन टाकावेत, बर्फाला भोक पाडून, एकेक नोट.

नऊ-सतरा. फोन वाजला.

बाबा नुसते बघत राहिले.

“उचला!” मी किंचाळले.

“हॅलो? … हो, व्हर्लिन. … हो का? … किती? … हं. चारशे एकोणनव्वद. फारच खाली. … हो, मीच लिहिला चेक. मुद्दाम, हो. … नाही, शेरा माझा नव्हता. … मुलगी आहे. … हो, अक्षर चांगलं आहे तिचं.”

मी भांड्यात तोंड घातलं.

मग बाबा बराच वेळ ऐकत राहिले. भिंतीकडे वळले. कान लाल झाले होते, थंडीने होतात तसे नव्हे. मग रिसीव्हरवर हात धरून माझ्याकडे बघितलं. शहात्तर वर्षांच्या माणसाचा चेहरा इतका उघडा मी कधी पाहिला नव्हता.

“ती म्हणतेय,” बाबा कुजबुजले, “पाचशेची काय गरज होती. तिने बारा डॉलरच्या चेकलाही फोन केला असता.”

मी पास्टरबाईंचं भांडं काखेत मारलं.

“मग बोला ना, बाबा!”

“बोलतोय,” ते म्हणाले. “तू जा आता.”

मी? ज्या बाईने हे सगळं जुळवून आणलं तिने जायचं? पण बाबांनी भुवयांनी दार दाखवलं. एका बाहीत हात, दुसरी बाही लोंबतेय, काखेत पास्टरबाईंचं भांडं, अशी मी अंगणात आले आणि दार मागे लागलं. गाडीपाशी गेले. गाडीची किल्ली? आत, टेबलावर, जेलीच्या भांड्याशेजारी.

खिडकीतून बाबांची पाठ दिसत होती. पाठ हसत होती. आता यात दार कसं वाजवणार?

अठ्ठावीस मिनिटं उभी होते! उणे नऊमध्ये! बँकेच्या वेळेत, बँकेच्या फोनवर, अठ्ठावीस मिनिटं! पायांची बोटं कुठे गेली कळेना. दवाखान्यात माझ्या खिडकीपुढे रांग लागली असणार. एका गिऱ्हाइकाशी इतका वेळ गप्पा मारणाऱ्या बाईविरुद्ध बँकेकडे रीतसर तक्रार करता येते, मला नियम माहीत आहे. मी चौकशीही केली नंतर.

तक्रारीचा फॉर्म आर्लिसकडेच मिळतो.